गुरुवारचा पाचवा तास

आदरणीय बाई,

मी मूळची सांगलीची. अकरा वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, दहावीचे वर्ग सांभाळले. सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या एका सरकारी शाळेत शिकवते. हा माझा सातवा आठवडा. मुलं मी बोलत असताना बोलतात, हाक मारली की "व्हॉट?" म्हणतात. गुरुवारी पाचव्या तासाला नववीचा वर्ग असतो. गेल्या गुरुवारी मी घसा बसेपर्यंत ओरडले. एक मुलगा माझ्यासारखं बोलून दाखवत होता आणि वर्ग हसत होता. तास संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. वर्गात एक सहायक बाई असतात, त्या हे सगळं बघतात. त्यांच्याकडे मान वर करून बघायची लाज वाटते. मेंटॉर विचारतात "कसं चाललंय?" आणि मी "छान" म्हणते. नवरा आणि सात वर्षांची लेक सांगलीत आहेत, जानेवारीत यायचं ठरलंय. मी घरी पोचते तेव्हा सहा वाजतात, तिकडे साडेदहा. लेक झोपलेली असते. 31 ऑक्टोबरच्या आत राजीनामा दिला तर डिसेंबरअखेर मोकळं होता येतं. देऊ का? की मी मुळात चांगली शिक्षिका नव्हतेच?

— स.

प्रिय स.,

तू मला बाई म्हटलंस, म्हणून मीही हक्कानं अगं-तुगं करते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तू चांगली शिक्षिका होतीस आणि आहेस. दहावीचं गणित कुठलीही शाळा वर्षानुवर्षं कुणाच्याही हातात ठेवत नाही.

पण एक गोष्ट तुला तिथलं कुणी सांगणार नाही, कारण त्यांना ती माहीतच नसते. सांगलीत तू वर्गात पाऊल टाकायच्या आधी तुझं अर्धं काम झालेलं असायचं. आज्जीनं "बाईंचं ऐकायचं हं" म्हणत दप्तर खांद्यावर चढवलेलं असायचं. थोरल्या भावाला तूच शिकवलेलं असायचं. बाई रस्त्यात दिसल्या की सायकलवरून उतरायचं, हे कुणाला मुद्दाम शिकवावं लागत नव्हतं. वर बोर्डाच्या परीक्षेची धास्ती होतीच. या सगळ्याच्या आधारानं तू उभी राहायचीस आणि थेट प्रमेयाला हात घालायचीस. इंग्लंडमध्ये ते अर्धं काम कुणी करून ठेवलेलं नसतं. ते रोज, दर तासाला, वर्गाच्या दारात तुलाच करावं लागतं. तुला ते जमत नाही याचं कारण एवढंच, की अकरा वर्षांत ते करायची वेळच तुझ्यावर आली नव्हती.

हे मला कसं कळलं ते सांगते. मी 2002 मध्ये पुण्याहून पूर्व लंडनला गेले. तेव्हा तिकडे शिक्षकांचा तुटवडा होता आणि एजन्सीमार्फत आमच्यासारख्यांना नेत होते. माझाही असा एक वर्ग होता, आठवीचा. ऑक्टोबरमध्ये आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "मंगळवारी तुझा तास मोकळा आहे ना? मग तोच वर्ग सुतारकामाच्या तासाला बघून ये." मला वाटलं, करवती आणि हातोड्या असलेल्या खोलीत ही पोरं काय करतील देव जाणे.

तिथले मास्तर साठीकडे झुकलेले, आवाज अगदी बारीक. ते दारात उभे होते. प्रत्येक मूल आत येताना त्याचं नाव घेत होते आणि एखादा शब्द बोलत होते. "शर्ट आत." "आजी घरी आली का दवाखान्यातून?" "च्युइंगम डब्यात टाक." फळ्यावर एक छोटंसं काम आधीच लिहिलेलं होतं. मुलं बसली आणि ते काम करायला लागली. माझ्या तासाला खुर्चीवर उलटा बसणारा मुलगा तिथे मान खाली घालून लाकडाला पॉलिश पेपर घासत होता. मध्येच मागची दोघं बोलायला लागली. मास्तरांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि ते थांबले. मी मनात आकडे मोजले, नऊपर्यंत आले. कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसलं, शांतता झाली, आणि मास्तरांनी तेच वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हटलं. तासाभरात असं सहा वेळा झालं. सहाही वेळा अगदी तसंच. कपाळावर एक आठी नाही.

मी दुसऱ्या दिवशी करून बघितलं. पहिल्यांदा थांबले तेव्हा वर्ग गप्प व्हायला चार मिनिटं लागली आणि ती चार मिनिटं मला जन्मभराची वाटली. नाताळपर्यंत ती मिनिटभरावर आली. खरं सांगायचं तर तो वर्ग माझा झाला तो फेब्रुवारीत. तेव्हा सातव्या आठवड्यात रडू येण्यात तुझं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

म्हणून या आठवड्यात एकच काम कर. तुझ्या नववीचा वर्ग कुणाच्या तासाला शांत असतो ते विचार आणि तिथे मागे जाऊन बस. मुलांकडे बघू नकोस, शिक्षकाकडे बघ. ते कुठे उभे राहतात, पहिली पाच मिनिटं काय करतात, कुणाला काय बोलतात. आणि ओरडणं सोड. आपल्याकडे बाई ओरडल्या की मुलं घाबरतात, कारण घरी कळलं तर काय होईल हे त्यांना माहीत असतं. तिथल्या चौदा वर्षांच्या मुलाला ओरडणाऱ्या बाई म्हणजे तोल गेलेल्या बाई वाटतात आणि त्यांचा तोल पुन्हा कसा घालवायचा याचा त्याला नाद लागतो.

शाळेचं वर्तणुकीचं धोरण तुला पहिल्याच दिवशी दिलं असेल. एक सूचना, मग फळ्यावर नाव, मग डिटेन्शन म्हणजे सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं, मग 'ऑन कॉल'ला, म्हणजे त्या तासाला मदतीसाठी नेमलेल्या शिक्षकांना, बोलावून मुलाला दुसरीकडे बसवणं, साधारण असंच असेल. मला खात्री आहे की तू ते वापरत नाहीस. आपल्या मनात बसलेलं असतं की मदतीला कुणाला बोलावलं म्हणजे बाईंना वर्ग आवरत नाही. तिथे उलट आहे. धोरण आहे तसं, रोज, सगळ्यांना सारखं लावणारी बाई मुलांना भरवशाची वाटते. डिटेन्शन लावलंस तर तिथे स्वतः हजर राहा, पाच मिनिटं त्या मुलाशी बोल, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी ठेव. कालचं आज उकरून काढलंस तर सगळं मुसळ केरात.

आता त्या नकलेबद्दल. तुझ्या रंगावर, देशावर, वंशावर बोट ठेवून कुणी काही बोललं असेल, तर तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून त्याच दिवशी मेंटॉरकडे दे. "जाऊ दे, लहान आहेत" म्हणून गिळू नकोस. उद्या तेच मूल वर्गातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीला तसंच बोलेल.

पण मला शंका आहे की हसण्यामागे आणखीही काही असेल. वर्गात गुणाकार बोलताना तू काय म्हणतेस? "थ्री इंटू ट्वेल्व्ह" ना? आपण सगळे तसंच म्हणतो. तिथे 'थ्री इंटू ट्वेल्व्ह' म्हणजे बारामध्ये तीन किती वेळा जातात. तू 36 च्या मनानं बोलतेस आणि मुलं 4 लिहितात. तू चूक म्हणतेस. मुलांना वाटतं बाईंनाच गणित येत नाही. मी पहिले तीन आठवडे हेच करत होते आणि एका मुलीनं शेवटी वही घेऊन येऊन हळूच विचारलं, "मिस, तुम्हाला टाइम्स म्हणायचंय का?" त्या पोरीचे उपकार मी विसरले नाही.

असे आणखी पुष्कळ शब्द आहेत. 'थ्री अपॉन फोर' कुणाला कळत नाही, 'थ्री ओव्हर फोर' किंवा 'थ्री क्वार्टर्स' म्हण. 'ए प्लस बी होल स्क्वेअर' तिथे 'ऑल स्क्वेअर्ड' होतं. 'एनी डाउट्स?' विचारलंस तर मुलं गोंधळतात, त्यांना 'क्वेश्चन्स' असतात. आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी हा क्रम सांगणारं आपलं कंचेभागुबेव तिथे 'बिडमास' होऊन भेटतं. भागाकाराच्या मांडणीला मुलं 'बस स्टॉप' म्हणतील, आणि सवयीनं 1,20,000 असा स्वल्पविराम दिलास तर हात वर होतील, कारण त्यांना 120,000 माहीत आहे. उच्चार बदलायच्या फंदात मात्र पडू नकोस. सांगलीची जीभ सांगलीचीच राहू दे, थोडं सावकाश बोल म्हणजे झालं. शब्द तेवढे बदल. ते दोन आठवड्यांत होतं.

आणि पोर्शन संपवायची घाई सोड. ही आपली फार जुनी खोड आहे. पुढच्या बाकावरची चार मुलं उत्तर देतात, आपण पुढे सरकतो. कपाटात छोटे पांढरे फळे असतील, ते दर तासाला वाट. सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर लिहून वर धरायचं. कुणाचं कुठे अडलंय ते तुला एका नजरेत दिसतं, आणि हातात काम असलेलं मूल नक्कल करायला मोकळं राहत नाही.

त्या सहायक बाईंची लाज वाटते म्हणालीस. अगं, तुझ्या वर्गातलं सगळ्यांत मोठं धन त्याच आहेत. त्या बहुधा एखाद-दुसऱ्या मुलासाठी नेमलेल्या असतील, आणि त्या मुलांबरोबर इतिहासाला, विज्ञानाला, खेळालाही जात असतील. कुणाला फळ्यावरचं वाचता येत नाही, कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. उद्या तासाआधी दोन मिनिटं गाठ त्यांना. आज काय शिकवणार आहेस ते सांग आणि विचार, "या वर्गाबद्दल मला काय माहीत असायला हवं?" मग गप्प बसून ऐक. तुला वर्गाची यादी दिली असेल, त्यात नावांपुढे अक्षरं असतील. कुणाला विशेष गरज आहे, कुणाची घरची भाषा इंग्रजी नाही, कुणाला मोफत जेवण मिळतं म्हणून शाळेला जादा निधी येतो. ती अक्षरं नीट वाच. उद्धट वाटणारा एखादा मुलगा त्या यादीत तुला वेगळाच भेटेल.

एक गोष्ट माझ्या चुकीतून सांगते. दुसऱ्या महिन्यात एका मुलानं अवघड उदाहरण सोडवलं आणि मी आनंदानं "शाब्बास रे लबाडा" म्हणत त्याचा कान धरून हलवला. पुण्यात मी हे शेकडो वेळा केलं होतं, मुलं खूश व्हायची. तो मुलगा जागच्या जागी आक्रसला. दुपारी मला उपमुख्याध्यापकांनी बोलावलं आणि शांतपणे, स्पष्ट शब्दांत समज दिली. तेव्हा मला फार अपमान वाटला. नंतर तो मुलगा घरी काय सोसत होता ते कळलं, आणि मी कान धरायला हात पुढे केला तेव्हा त्याला काय वाटलं असेल याचा विचार करून मला झोप आली नाही. इंग्लंडच्या सरकारी शाळांत 1987 पासून छडी बंद आहे. आपल्याकडेही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मारायला बंदी आहे, पण मायेचा कान आपण शिक्षेत धरतच नाही. तिथे मुलाच्या अंगाला हात लावायचा नाही, मायेनंही नाही. आणि एखादं मूल जवळ येऊन "मिस, कुणाला सांगणार नाही ना?" म्हणालं, तर तसं वचन द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्या शिक्षकांवर आहे त्यांना सांगायचं. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

मेंटॉरना "छान" म्हणणं आजपासून बंद. आपल्याकडे तपासणीला साहेब आले की सगळं छान असतं, ती सवय आहे ही. तिथे मागे बसून लिहिणारा माणूस तुझी परीक्षा घ्यायला बसलेला नसतो, निदान पहिल्या सत्रात तरी नसतो. गोलगोल बोलू नकोस. "गुरुवारचा पाचवा तास माझ्या हातात राहत नाही. पहिली दहा मिनिटं तुम्ही दारात माझ्याबरोबर उभ्या राहाल का?" असं नेमकं मागितलंस तर नेमकं मिळेल. आणि घरी यायला सहा वाजतात ते का, हेही बघ. रोज रात्री नव्यानं स्लाइड्स बनवत असशील तर थांब. विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांचं साहित्य पडलेलं असतं, ते वापर. सरकारी सेवाशर्तींप्रमाणे वेळापत्रकातल्या शिकवण्याच्या वेळेच्या किमान 10 टक्के वेळ तयारीसाठी राखून द्यावा लागतो. तुझा तो वेळ बदलीच्या तासांत जात असेल तर बोल. शिक्षक संघटनेची सभासद झाली नसशील तर तेही याच आठवड्यात हो.

आणखी एक कर. दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या नववीच्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरी फोन लाव, चांगलं सांगायला. माझ्या शाळेत बांगलादेशी घरं पुष्कळ होती. त्या खुर्चीवर उलटं बसणाऱ्या मुलानं एक दिवस सगळी उदाहरणं सोडवली, तेव्हा मी त्याच्या आईला फोन केला. तिची सिल्हेटी आणि माझी हिंदी. शाळेतून फोन आहे म्हटल्यावर ती आधी "सॉरी, सॉरी" म्हणायला लागली. मी म्हटलं, "नाही हो, तुमचा मुलगा आज फार चांगला वागला." पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग तिनं त्याचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "हाच ना?" मी म्हटलं, "हाच." सोमवारी तो वर्गात आला तो सरळ बसला. मला काही बोलला नाही. पण मी बोलत असताना मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं, तेव्हा त्यानं मान वळवून त्याच्याकडे नुसतं बघितलं.

आता राजीनामा. 31 ऑक्टोबरचं तू म्हणतेस ते बरोबर आहे, पण तशीच तारीख 28 फेब्रुवारीलाही येते. तेव्हा दिलास तर 30 एप्रिलला मोकळी होतेस. तुझ्या करारात काय लिहिलंय ते मात्र बघ, अकादमी शाळांच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभारानं चालणाऱ्या शाळांच्या, अटी वेगळ्या असू शकतात. तुझा व्हिसा शाळेच्या प्रायोजकत्वावर असणार. नोकरी सुटली की दुसरी शोधायला किंवा परतायला साधारण 60 दिवस मिळतात. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ऑक्टोबरची तारीख जाऊ दे. सातव्या आठवड्याच्या गुरुवारी रात्री ठरवायची ही गोष्ट नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर मला पुन्हा लिही. तेव्हाही जीव असाच तुटत असेल, तर परत ये. सांगलीतल्या वर्गात जाऊन उभं राहण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि तेव्हा मी तुला थांब म्हणणार नाही.

2023 च्या फेब्रुवारीपासून भारतातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तिथली पात्रता थेट अर्ज करून मिळायला लागली आहे. आम्हाला ती चार वर्षांच्या आत तिथे शिकवता शिकवता मिळवावी लागायची. त्यामुळे तुझ्यासारख्या बऱ्याच जणी आज कुठल्या ना कुठल्या गावात याच आठवड्यातून जात असतील. एखादी शोध. शनिवारी तासभर मराठीत बोललीस तरी घसा मोकळा होतो.

फराळ आला असेल तर स्टाफरूममध्ये ने, पण आधी शाळेचा नियम विचार. बऱ्याच शाळांत शेंगदाणे, काजू-बदाम आणायला मनाई असते, तेव्हा चिवडा घरीच ठेव. चकलीत तीळ असतात, तिळाचीही ॲलर्जी असते. शंकरपाळ्यांचा डबा ने आणि काय काय घातलंय ते चिठ्ठीवर लिहून झाकणाला चिकटव. मुलांना मात्र काही वाटू नकोस.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात. मग लवकर अंधारतं, डिसेंबरात तर चारच्या सुमारास. त्याची मनाची तयारी ठेव. तिथली आरोग्यसेवाही हिवाळ्यात ड जीवनसत्त्वाची गोळी घ्यायचा विचार करा म्हणून सगळ्यांना सांगते, आपल्या रंगाच्या माणसांना तर ती अधिकच लागते. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं मैदानाला चक्कर मारून ये.

पण त्याच रविवारपासून सांगलीचं अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जातं. आत्ता तू सकाळी सातला बसची वाट बघत उभी असतेस तेव्हा तिकडे साडेअकरा वाजलेले असतात आणि लेक वर्गात असते. सोमवारपासून त्याच वेळी तिकडे साडेबारा वाजलेले असतील. तिची शाळा सकाळची असेल तर ती घरी येऊन ताटावर बसायच्या बेतात असेल. संध्याकाळच्या फोनचा नाद सोड आणि नवऱ्याला आजच सांगून ठेव, साडेबाराला फोन पोरीच्या हातात द्यायचा.

— तुझी,
बाई